लेखक हेर होतो तेव्हा

आमच्या गावच्या लायब्ररीत रहस्यकथांची एक अख्खी भिंत आहे. गेल्या हिवाळ्यात एका शनिवारी मुलीला शाळेच्या प्रकल्पासाठी पुस्तके हवी होती म्हणून तिला घेऊन गेलो, आणि ती आपल्या कामात होती तोवर त्या भिंतीसमोर उभा राहिलो. वडिलांच्या पिढीने बाबूराव अर्नाळकरांचा झुंजार आणि काळा पहाड वाचला; आमच्या वाट्याला भालबा केळकरांनी मराठीत आणलेला शेरलॉक होम्स आला. त्यामुळे अशा भिंतीसमोरून मला लवकर हलता येत नाही. चाळता चाळता हाती लागली ती जो गोर्स यांची 'हॅमेट' ही १९७५ सालची कादंबरी. 'माल्टीज फाल्कन' लिहिणारा डॅशिएल हॅमेट, म्हणजे खराखुरा लेखक, या कादंबरीत स्वतःच खुनाचा तपास करतो.

घरी येताना गाडीत मी मुलीला ही गंमत सांगितली. ती थोडा वेळ गप्प होती. मग तिने विचारले, "पण बाबा, खऱ्या आयुष्यात या लेखकांना एक तरी गुन्हा शोधता आला असता का?"

डॉक्टरेट इंजिनिअरिंगची असली तरी घरच्या तोंडी परीक्षेत मी बहुतेक वेळा नापासच होतो. "बघून सांगतो" म्हणून वेळ मारून नेली. पण प्रश्न डोक्यातून जाईना. पुढचे तीन-चार महिने रात्रीची जेवणे झाल्यावर जे वाचले, त्यातून तिला द्यायचे उत्तर तयार झाले. ते इतके लांबले की गाडीत सांगण्याजोगे राहिले नाही, म्हणून येथे मांडतो आहे.

आधी या कादंबऱ्यांविषयी थोडे. हॅमेटचे उदाहरण त्यातले सर्वांत सरळ, कारण तो मुळात डिटेक्टिव्हच होता. १९१५ साली तो पिंकर्टन या खाजगी गुप्तहेर संस्थेत लागला. पहिल्या महायुद्धात सैन्यात गेला, तेथे क्षयाने गाठले, आणि १९२२ च्या सुमारास प्रकृतीने ती नोकरी सोडायला लावल्यावर सॅन फ्रान्सिस्कोत बसून तो 'ब्लॅक मास्क' मासिकासाठी कथा लिहू लागला. गोर्सची कादंबरी १९२८ सालातली आहे. जुना सहकारी मदत मागायला येतो, हॅमेट लेखनाचे कारण सांगून नकार देतो, सहकाऱ्याचा खून होतो आणि मग हॅमेटला आपला जुना धंदा पुन्हा करावा लागतो. गोर्स स्वतःही लेखक होण्याआधी त्याच शहरात खाजगी तपासनीस होता. त्यामुळे पुस्तकाला एक अस्सल वास आहे. १९८२ साली विम वेंडर्सने त्यावर चित्रपटही काढला.

पुढे या कल्पनेचा मळाच पिकला. मॅक्स अ‍ॅलन कॉलिन्सने तर १९९९ पासून एक मालिकाच लिहिली. दर पुस्तकात एक खरी आपत्ती किंवा ऐतिहासिक प्रसंग आणि त्यात एक खरा लेखक. 'टायटॅनिक'वर जॅक फ्युट्रेल, 'हिंडेनबर्ग' विमाननौकेत लेस्ली चार्टरिस, 'लुसिटानिया'वर एस. एस. व्हॅन डाइन, लंडनवरच्या बॉम्बहल्ल्यांच्या काळात अगाथा ख्रिस्ती. इंग्लंडमध्ये निकोला अपसन यांनी २००८ पासून जोसेफिन टे या लेखिकेला नायिका करून मालिका चालवली. एडगर अ‍ॅलन पो तर किती जणांच्या कादंबऱ्यांत हेरगिरी करून आला! लुई बेयर्डच्या 'द पेल ब्लू आय' मध्ये तो वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीतला कॅडेट आहे, आणि १८३०-३१ मध्ये तो खरोखरच तेथे कॅडेट होता.

या पुस्तकांचा एक नियम आहे. शेवटी लेखक जिंकतो. ज्याने इतकी रहस्ये रचली, त्याला एक रहस्य उलगडता येणारच, हे गृहीतच धरलेले असते. पण पुस्तक मिटून त्या माणसाचे खरे चरित्र उघडले की वेगळेच काही दिसते. फ्युट्रेलचे पाहा. त्याचा नायक प्रोफेसर व्हॅन डुसेन, 'विचार करणारे यंत्र' म्हणून प्रसिद्ध. १९०५ सालच्या 'तेरा नंबरची कोठडी' या कथेत तो केवळ बुद्धीच्या बळावर तुरुंगातून बाहेर पडून दाखवतो. खुद्द फ्युट्रेल १५ एप्रिल १९१२ च्या पहाटे पत्नीला जीवनौकेत बसवून 'टायटॅनिक'वर मागे राहिला आणि बुडाला. आदल्याच आठवड्यात त्याला ३७ वर्षे पूर्ण झाली होती.

चार्टरिसची गोष्ट आपल्यासारख्यांना अधिक जवळची वाटेल. 'सेंट' या गाजलेल्या नायकाचा हा जनक सिंगापूरला जन्मला. वडील चिनी, आई इंग्रज. १९३६ साली 'हिंडेनबर्ग' पहिल्यांदा अमेरिकेला आली, त्या फेरीत तो होता. ६ मे १९३७ रोजी न्यू जर्सीतल्या लेकहर्स्टला ती जळाली त्या फेरीत मात्र तो नव्हता; तेथे त्याला कादंबरीकाराने बसवले. पण त्याचे खरे संकट आकाशातले नव्हते, कागदावरचे होते. चिन्यांना मज्जाव करणाऱ्या अमेरिकन कायद्यापुढे निम्म्या चिनी रक्ताचा माणूसही चिनीच ठरत होता. लाखो वाचक असलेल्या या लेखकाला सहा-सहा महिन्यांचा पाहुण्याचा व्हिसा पुनःपुन्हा वाढवून घ्यावा लागे. शेवटी त्याच्यासाठी काँग्रेसला स्वतंत्र कायदा करावा लागला, तेव्हा कोठे त्याला येथे कायमचे राहता आले. आपल्यापैकी ज्यांनी व्हिसाच्या रांगा पाहिल्या आहेत, त्यांना त्याच्या कोणत्याही कादंबरीपेक्षा हे प्रकरण जास्त थरारक वाटावे.

असो. मुलीचा प्रश्न होता, गुन्हा शोधता आला का? तर इतिहासात याच्या निदान तीन खऱ्या परीक्षा झाल्या आहेत.

पहिली परीक्षा पोने दिली, आणि ती माझ्या अगदी परिचयाच्या जागी. होबोकेनहून आगगाडी पकडून मी काही वर्षे मॅनहॅटनला कामाला जात होतो. जुलै १८४१ मध्ये त्याच होबोकेनच्या किनाऱ्याला हडसन नदीत मेरी रॉजर्स या तरुण मुलीचे प्रेत सापडले. ती न्यूयॉर्कमध्ये एका तंबाखूच्या दुकानात विक्रीला बसत असे आणि तिच्या रूपामुळे शहरभर ओळखली जाई. वर्तमानपत्रांनी महिनोन् महिने हे प्रकरण लावून धरले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये पोने 'रू मॉर्गमधील खून' ही कथा लिहून डिटेक्टिव्ह कथेचा पाया घातला होता. आता त्याने ठरवले की आपला नायक द्युपॅं हा खरा गुन्हा सोडवील. नावे फ्रेंच केली, न्यूयॉर्कचे पॅरिस केले आणि वर्तमानपत्रांतल्या मजकुरावरून तर्क बांधीत 'मारी रोजेचे रहस्य' लिहायला घेतले. त्याचे दोन भाग १८४२ च्या नोव्हेंबर आणि डिसेंबरमध्ये छापले गेले. पण तेवढ्यात, घटनास्थळाजवळ खाणावळ चालवणारी बाई मृत्युशय्येवर काही वेगळेच बोलल्याची बातमी आली. गर्भपाताच्या प्रयत्नात मेरीचा मृत्यू झाला असावा, असा तिचा रोख. पोचा तर्क दुसरीकडेच चालला होता. तिसरा भाग लांबला आणि फेब्रुवारी १८४३ मध्ये आला तो पुष्कळसा मोघम होऊन. १८४५ साली कथा पुस्तकात घेताना पोने मजकुरात बारीक फेरफार केले आणि तळटीपा देऊन आपले अनुमान बरोबर ठरल्याचा दावाही केला.

आमच्या धंद्यात याला नाव आहे. प्रोग्रॅम चुकला की प्रोग्रॅम सुधारायचा सोडून माहितीपुस्तिकाच बदलून ठेवायची! मेरी रॉजर्सचे काय झाले, हे कधीच सिद्ध झाले नाही.

दुसरी परीक्षा डिसेंबर १९२६ ची. अगाथा ख्रिस्ती ३ तारखेच्या रात्री घरातून मोटार घेऊन निघाली आणि नाहीशी झाली. मोटार सरे परगण्यात एका उतारावर सोडलेली सापडली. शेकडो पोलीस आणि हौशी शोधकर्ते रानोमाळ फिरले. आणि येथे तर कादंबरीलाही न सुचणारा प्रसंग घडला. एका रहस्यकथा-लेखिकेचा शोध घ्यायला दोन खरे रहस्यकथाकार पुढे आले. डोरोथी सेयर्स घटनास्थळी जाऊन पाहणी करून आली. शेरलॉक होम्सच्या जनकाने, आर्थर कॉनन डॉईलने, अगाथाचा हातमोजा मिळवला. होम्सने त्या हातमोज्यावरून धूळ, घाम, धागे असे काय काय ओळखले असते! डॉईल त्या काळात परलोकविद्येच्या पूर्ण आहारी गेला होता. त्याने तो मोजा एका मांत्रिकाच्या, म्हणजे 'मीडियम'च्या, हाती दिला. अकरा दिवसांनी अगाथा हॅरोगेटच्या एका हॉटेलात सापडली. तेथे तिने नवऱ्याच्या प्रेयसीचे आडनाव लावून नाव नोंदवले होते. तिला ओळखले कोणी? हॉटेलच्या वाद्यवृंदातल्या वादकांनी.

तेव्हा दोन परीक्षांत लेखक नापास. तिसरी परीक्षा मात्र वेगळी आहे. तिच्यात एका माणसाची उभी हयात पणाला लागली होती, आणि त्या माणसाचे मूळ आपल्या मुंबईत होते.

शापुरजी एदलजी हे मुंबईच्या पारशी कुटुंबातले. तरुणपणी ख्रिस्ती झाले, धर्मशिक्षणासाठी इंग्लंडला गेले, शार्लट स्टोनहॅम या इंग्रज मुलीशी लग्न केले आणि १८७० च्या दशकाच्या मध्याला स्टॅफर्डशायरमधल्या ग्रेट वर्ली या गावी व्हिकर, म्हणजे चर्चचे मुख्य धर्मोपदेशक झाले. नाव ऐकून आपल्याला वरळी आठवते, पण हे कोळशाच्या खाणींचे गाव. अशा गावात रविवारी प्रवचन द्यायला एक सावळा हिंदी गृहस्थ उभा राहतो, हे काहींना कधीच पचले नाही. १८८८ साली व्हिकरच्या घरी निनावी पत्रे येऊ लागली. १८९२ ते १८९५ या काळात तर त्यांचा पाऊस पडला. धमक्या, शिवीगाळ, व्हिकरच्या नावाने खोट्या जाहिराती, दारात टाकलेली घाण. एकदा वॉल्सॉलच्या शाळेतून नाहीशी झालेली चावी व्हिकरच्या दाराशी सापडली. जिल्ह्याचा पोलीस प्रमुख कॅप्टन अ‍ॅन्सन याने व्हिकरना लिहून कळवले की तुमचा मुलगा या चावीबद्दल अज्ञान सांगेल तर त्यावर मी विश्वास ठेवण्याचे सोंगसुद्धा करणार नाही. म्हणजे त्रास ज्यांना होतो आहे, संशयितही तेच!

तो मुलगा जॉर्ज. १८७६ चा जन्म, लाजाळू, अबोल, अभ्यासू. कायद्याच्या परीक्षांत बक्षिसे मिळवून सॉलिसिटर झाला, बर्मिंगहॅमला कार्यालय थाटले, आणि १९०१ साली रेल्वेच्या सामान्य प्रवाशासाठी रेल्वे कायद्याचे एक छोटे पुस्तक लिहिले. रोज आगगाडीने कामाला जायचे, संध्याकाळी घरी यायचे, आईवडिलांच्या जवळ राहायचे, दारूला शिवायचे नाही. वाचकहो, हे वर्णन ओळखीचे वाटते ना? आपल्या ओळखीतल्या कितीतरी घरांतला मुलगा असाच आहे.

१९०३ च्या फेब्रुवारीपासून ग्रेट वर्लीच्या शिवारात रात्री कोणीतरी घोडे, गायी, मेंढ्या यांची पोटे फाडू लागले. सोबत पुन्हा निनावी पत्रे, आणि त्यांत गुन्हेगारांच्या टोळीत जॉर्जचेही नाव. पोलिसांनी यावरून काढलेले अनुमान असे, की ही पत्रे जॉर्जच लिहितो! १८ ऑगस्टच्या सकाळी खाणीचे एक शिंगरू जखमी सापडले आणि त्याच दिवशी जॉर्जला अटक झाली.

पुरावा काय होता? घरात सापडलेला डागाळलेला वस्तरा. बुटाचा ठसा, ज्याचा साचा कोणी घेतला नाही. शेजारी बूट दाबून नुसते पाहिले. कोटावर घोड्याचे २९ केस, जे घरच्यांना सकाळी दिसले नव्हते आणि पोलिसांच्या डॉक्टरला संध्याकाळी दिसले. मधल्या वेळात शिंगराच्या कातड्याचा तुकडाही पोलिसांनी गोळा केलेला होता. हस्ताक्षरतज्ज्ञ म्हणून आले थॉमस गरिन, ज्यांच्या साक्षीने १८९६ साली अ‍ॅडॉल्फ बेक नावाचा निरपराध माणूस तुरुंगात गेला होता. गुन्ह्याची वेळही हलती होती. जॉर्ज संध्याकाळी गावात चांभाराकडे गेला होता, म्हणून आधी ती वेळ धरली. पण पशुवैद्याने जखम ताजी, फार तर सहा तासांची असल्याचे सांगितल्यावर वेळ मध्यरात्रीनंतरची झाली. मध्यरात्रीनंतर जॉर्ज वडिलांच्या खोलीत झोपलेला होता आणि दाराला कुलूप होते. शापुरजींनी साक्षीत हे शपथेवर सांगितले. पंचांनी त्यावर विश्वास ठेवला नाही. ऑक्टोबर १९०३ मध्ये सात वर्षे सक्तमजुरी झाली. जॉर्ज अटकेत असतानाही आणखी एका जनावरावर वार झाला, पण त्याचा उपयोग झाला नाही. टोळीतल्या दुसऱ्या कोणी केले असेल, असे म्हटले गेले.

डॉईल या कथेत अजून आलेलाच नाही, हे लक्षात घ्या. तुरुंगाच्या त्या तीन वर्षांत धडपडले ते दुसरेच लोक. बहामाचे माजी मुख्य न्यायाधीश यल्व्हर्टन यांनी अर्ज तयार केला, त्यावर सुमारे दहा हजार सह्या मिळाल्या आणि त्यांत शेकडो वकील होते. आणि शापुरजींनी १९०५ साली मुलाच्या खटल्यातल्या विसंगती मांडणारी पुस्तिका स्वतः लिहून प्रसिद्ध केली. ऑक्टोबर १९०६ मध्ये जॉर्जला अचानक सोडून देण्यात आले. कारण सांगितले नाही, माफी नाही, वकिलीची सनदही परत नाही. निर्दोष म्हणावे तर शिक्षा रद्द झालेली नाही. दोषी म्हणावे तर चार वर्षे बाकी असताना सोडले का? अशा अधांतरी अवस्थेत त्याने डॉईलला पत्र लिहिले.

डॉईलची पहिली पत्नी त्या जुलैमध्येच वारली होती आणि त्याचे कशात मन लागत नव्हते. त्याने कागद वाचले आणि भेट ठरवली. जानेवारी १९०७ मध्ये लंडनच्या एका हॉटेलात तो पोहोचला तेव्हा जॉर्ज वर्तमानपत्र वाचत बसला होता. कागद अगदी डोळ्यांशी धरलेला, तोही तिरपा. डॉईल डॉक्टर होता, आणि १८९१ साली व्हिएन्नाला जाऊन नेत्रवैद्यकाचा अभ्यास करून आलेला. त्याने दारातूनच ओळखले की या माणसाची नजर फार अधू आहे. ज्याला दिवसाउजेडी समोरचा चेहरा नीट दिसत नाही, तो काळोख्या रात्री रूळ, कुंपणे, चर ओलांडून अर्धा मैल जाणार, पोलिसांचा पहारा चुकवून जनावराला एका वारात फाडणार आणि परत येणार? खटल्यात नेत्रतज्ज्ञाची साक्ष बचावपक्षाने काढलीच नव्हती.

हा क्षण खरोखरच होम्सच्या कथेतला आहे. ११ आणि १२ जानेवारी १९०७ रोजी 'डेली टेलिग्राफ'मध्ये डॉईलचे लेख आले. कोणीही पुनर्मुद्रण करावे म्हणून त्याने त्यांवर हक्क ठेवला नाही. देशभर गदारोळ झाला. सरकारने तीन जणांची समिती नेमली. मे महिन्यात निकाल आला. जनावरे फाडल्याचा आरोप चुकीचा, म्हणून माफी. मात्र पत्रे त्यानेच लिहिली असावीत आणि हे संकट त्याने स्वतःवर ओढवून घेतले, म्हणून भरपाई एक पैही नाही. समितीतले एक सभासद कॅप्टन अ‍ॅन्सनचे नातलग निघाले. सनद परत मिळाली. 'टेलिग्राफ'च्या वाचकांनी सुमारे ३०० पौंड जमवले, त्यातून जॉर्जने बचावासाठी मावशीने दिलेले पैसे फेडले. त्या सप्टेंबरात डॉईलच्या दुसऱ्या लग्नाला तो पाहुणा म्हणून हजर होता. आणि बेक व एदलजी या दोन प्रकरणांनी जो दबाव निर्माण केला, त्यातून १९०७ चा कायदा होऊन इंग्लंडमध्ये फौजदारी अपील न्यायालय आले. तोवर शिक्षेविरुद्ध दाद मागायला तसे न्यायालयच नव्हते.

मग लेखक पास झाला म्हणायचे का? निम्मा. कारण डॉईल येथे थांबला नाही. 'जॉर्ज नव्हे, तर कोण?' याचे उत्तर दिल्याशिवाय कथा पुरी होत नाही, ही त्याच्यातल्या कथाकाराची खोड. त्याने गावातला एक तरुण हेरला. तो पूर्वी खाटकाकडे शिकाऊ होता, जनावरांच्या बोटीवर काम केलेला होता, त्याच्याकडे एक मोठे पाते होते, असा पुरावा गोळा करून गृहखात्याला पाठवला. खात्याने तो फेटाळला. तो पुरावा वाचताना मला अस्वस्थ व्हायला झाले. वस्तऱ्याऐवजी पाते, ऐकीव गोष्टी, हस्ताक्षराची तुलना. ज्या प्रकारच्या धाग्यांनी जॉर्जला बांधले होते, त्याच प्रकारच्या धाग्यांनी डॉईल दुसऱ्याला बांधायला निघाला होता. सॉफ्टवेअरमध्ये आम्ही रोज एक धडा शिकतो. दोष अमुक ठिकाणी नाही, हे सिद्ध करणे एक, आणि तो नेमका कोठे आहे हे सिद्ध करणे दुसरे. पहिले जमले म्हणून दुसरेही जमले, असे समजणारा इंजिनिअर रात्रभर जागतो. खरा गुन्हेगार कधीच सिद्ध झाला नाही.

२००५ साली ज्युलियन बार्न्स यांनी या प्रकरणावर 'आर्थर अ‍ॅण्ड जॉर्ज' ही कादंबरी लिहिली. बुकर पारितोषिकाच्या अंतिम यादीत ती होती. लेखकाला हेर करणाऱ्या कादंबऱ्यांत मी तिला सर्वांत वरची जागा देईन, कारण ती लेखकाला जिंकवण्यासाठी लिहिलेली नाही. नावातच दोघे बरोबरीचे आहेत. कादंबरीतला जॉर्ज आपल्या आडनावाचा उच्चार लोकांना शांतपणे सुधारून सांगत राहतो. आघात पहिल्या अक्षरावर हवा. आपल्यापैकी कोणी हे कधी केले नसेल? आणि हा जॉर्ज शेवटपर्यंत मानायला तयार नाही की आपल्या वर्णामुळे हे घडले. तो स्वतःला इंग्रज समजतो. इंग्लंडच्या कायद्यावर त्याची वडिलांच्या धर्माइतकी श्रद्धा आहे. वर्ण हेच कारण, असे डॉईलला स्पष्ट दिसते, पण ज्याने भोगले त्याला ते मान्य नाही. परक्या देशात वाढलेल्या दुसऱ्या पिढीचे हे दुखणे एका इंग्रज लेखकाने इतक्या नेमकेपणे पकडावे, याचे मला आश्चर्य वाटले. पुढे २०२१ साली श्राबणी बसू यांनी याच प्रकरणावर सविस्तर इतिहासग्रंथ लिहिला. उत्सुकता असेल त्यांनी दोन्ही पुस्तके शेजारी ठेवून वाचावीत.

मला स्वतःला मात्र दोन्ही मिटल्यावर डॉईल आठवत नाही, जॉर्जही तितका नाही. आठवतात ते शापुरजी. मुंबई सोडलेली, धर्म बदललेला, ज्या देशाला आपले मानले त्याच्या चर्चमध्ये आयुष्य घालवलेले. कोर्टात शपथेवर सांगितले की दाराला कुलूप होते, मुलगा माझ्या खोलीत होता. बायबलावर हात ठेवून बोलणारा व्हिकर, आणि तरी खोटा ठरला. त्यानंतर हा वृद्ध माणूस घरी जाऊन बसला नाही. कागद पुढे ओढले, तारखा लावल्या, विसंगती टिपल्या आणि छापून काढल्या. डॉईलच्या आधी दीड-दोन वर्षे. या प्रकरणातला पहिला हेर कोण, असे विचारले तर मी त्यांचे नाव घेईन. त्यांच्या हाती 'टेलिग्राफ' नव्हता आणि त्यांचे आडनाव डॉईल नव्हते, एवढेच. १९१८ साली ते वारले तेव्हाही ते ग्रेट वर्लीचे व्हिकरच होते. गाव सोडून गेले नाहीत. जॉर्ज १९५३ पर्यंत जगला, वकिली करत, अविवाहित, शांतपणे.

परवा रात्री मुलीला हे सारे सांगितले. ती म्हणाली, "म्हणजे उत्तर 'नाही' असेच ना? लेखकांना गुन्हेगार सापडत नाही."

मी म्हटले, गुन्हेगार नाही सापडत. पण डॉईलला खोलीत शिरताच एक माणूस दिसला, वर्तमानपत्र डोळ्यांशी धरून वाचणारा. चार वर्षे पोलीस, पंच, न्यायाधीश, अधिकारी यांच्यासमोर तो तसाच वावरत होता, आणि त्या सगळ्यांना दिसला तो फक्त एक सावळा, विचित्र डोळ्यांचा परका. नीट पाहणे एवढेच त्या लेखकाला जमले. त्या पाहण्याने माणसाला सनद परत मिळाली आणि एका देशाला अपिलाचे कोर्ट.

ती "हं" म्हणाली आणि आपल्या खोलीत गेली. थोड्या वेळाने परत येऊन तिने विचारले, "बाबा, त्या आजोबांची पुस्तिका कुठे वाचायला मिळेल?" तोंडी परीक्षेत पुन्हा नापास. पण या वेळी प्रश्न आवडला. पुढच्या शनिवारी आम्ही दोघे लायब्ररीत चौकशी करणार आहोत.